माझ्यावरून पुसलेलं गाव

मित्रांनो, बोलायला तोंड उघडलंय खरं, पण ही काही मान वर करून सांगायची गोष्ट नाही. मी जुना नकाशा आहे. अमेरिकेतल्या केस्लर काउंटीच्या कचेरीत दरवाज्यातून आत शिरलं की डाव्या हाताच्या भिंतीवर मी टांगलेला असायचो. काउंटी म्हणजे तुमचा तालुका समजा. एका म्हाताऱ्या बाईला मेल्यावर आपल्या आईशेजारी निजायचं होतं. एवढंच मागणं होतं तिचं. ते माझ्यामुळे पुरं झालं नाही.

माझा जन्म १९२८ सालचा. एमिल लिंडक्विस्ट नावाच्या मोजणीदाराने मला जाड सुती कापडावर काढलं. स्वीडनहून आलेला अबोल माणूस तो. काउंटीतल्या प्रत्येक वाटेवर त्याची घोडागाडी फिरली. आमच्याकडे वाटा सरळसोट. दर मैलाला एक उभी, दर मैलाला एक आडवी. विलो नदी तेवढी हट्टी, तिला सरळ चालणं ठाऊकच नाही. नदीच्या दक्षिणेला काळी माती, तिथे मका आणि गहू. उत्तरेला वाळूच्या टेकड्या, तिथे गवत आणि वारा. एमिलने प्रत्येक घराला एक ठिपका दिला. शाळेला निशाण, चर्चला क्रॉस, दफनभूमीला चौकोनातला क्रॉस. थडगी किती, हेसुद्धा तो गाडीतून उतरून मोजायचा आणि शेजारी बारीक आकडा घालायचा.

"अहो, जिवंत माणसं मोजा की! मेलेल्यांची कसली शिरगणती?" त्याची बायको चिडवायची.

"ती जागा सोडून जात नाहीत. तेवढी एकच मोजणी बिनचूक होते," तो म्हणायचा आणि पुन्हा लेखणी बुडवायचा. त्याची शाई दाट होती आणि प्रत्येक ठिपका तो दोनदा गिरवायचा. शाई माझ्या कापडात पार आरपार उतरली. मग पाठीला तपकिरी कागद चिकटवून त्याने मला भिंतीवर चढवलं.

माझ्या उजव्या पायाशी लोकसंख्येची चौकट होती. दर दहा वर्षांनी शिरगणती झाली की कारकून गुडघ्यावर बसून तिथे नवा आकडा लिहायचा. १९३० ला आठ हजार सहाशे चौदा माणसं होती. त्यानंतरचा प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा लहान. अंग माझं तेवढंच राहिलं, माणसं मात्र आटत गेली.

उत्तरेच्या टेकड्यांत ब्यूला नावाचं गाव होतं. ते काळ्या लोकांचं गाव. सरकारने जमिनी फुकट वाटल्या तेव्हा केंटकीकडून तेवीस कुटुंबं आली. काळी माती तोवर गोऱ्यांनी वाटून घेतली होती, यांच्या वाट्याला वाळू आली. त्यांनी गवताच्या मुळांसकट मातीची ढेकळं कापून घरं रचली, चर्च बांधलं, शाळा काढली. दुकानाच्या एका कोपऱ्यात टपालघर. माझ्यावर तेवीस ठिपके, एक निशाण, एक क्रॉस आणि चौकोनातला क्रॉस. त्याशेजारी आकडा, एकतीस.

मग दुष्काळाची आणि धुळीच्या वादळांची वर्षं आली. भर दुपारी कचेरीत दिवे लावावे लागत. वाळूत पेरलेलं वाऱ्याबरोबर उडून गेलं. ब्यूलातले लोक एकेक करून ओमाहा, डेन्व्हर अशा मोठ्या शहरांत गेले. १९३४ मध्ये शेवटचं कुटुंब गेलं आणि टपालघराला कुलूप लागलं. थडग्यातले एकतीस जण तेवढे मागे राहिले. एमिल म्हणाला होता ते खोटं नव्हतं.

१९३७ साली हार्लन मॉट्स नावाचा कारकून होता. मोठा टापटिपीचा. पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावून ठेवणारा. त्याने फर्मान काढलं, जिथे टपालघर नाही ते गाव नाही. पत्र जिथे पोचत नाही तिथलं नाव नकाशावर कशाला? आता टपालघर तर दक्षिणेकडच्या रोजेनबर्गचंही बंद झालं होतं. पण तिथला चर्चचा कारभारी काउंटीच्या मंडळावर बसत होता. मॉट्स रोजेनबर्गपाशी आला, चष्मा पुसला आणि म्हणाला, "हे राहू दे. आपलीच माणसं आहेत."

ब्यूलासाठी त्याने दाढीचं पातं घेतलं. तेवीस ठिपके खरवडले. निशाण खरवडलं. क्रॉस खरवडला. एकतीस आकडा खरवडताना माझं कापड जरा विरलंसुद्धा. मग वर वाळूच्या रंगाचा हात फिरवला.

आता खरं सांगतो, मित्रांनो. मला दुखलं नाही. उलट बरं वाटलं! वरचा कोपरा कसा स्वच्छ, नितळ दिसायला लागला. पुढच्या वर्षी काउंटीच्या जत्रेत मला मांडलं. एका बाजूला लोणच्याच्या बरण्या, दुसऱ्या बाजूला भले थोरले भोपळे, आणि मधे मी. मला निळी फीत मिळाली. पहिला नंबर! लोक म्हणाले, "काय देखणा नकाशा आहे, एक डाग नाही अंगावर." माझी छाती फुगली. ज्याला लोक डाग म्हणत होते ती तेवीस घरं होती, हे मला ठाऊक होतं. तरी मी फीत मिरवली. आज आठवलं की तोंड कुठे लपवू असं होतं.

पुढची पन्नास वर्षं मजेत गेली. जमिनीचं भांडण आलं की माणसं माझ्यापुढे उभी राहायची. "नकाशात काय आहे ते बघा," असं कुणी म्हटलं की भांडण मिटायचं. माझा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. असला मान मिळाला की आपण चुकू शकतो हेच विसरायला होतं.

मग १९८६ चा मे महिना उजाडला. क्लिफर्ड ॲम्सबॉ या गुरंवाल्याने मंडळाकडे अर्ज केला होता. उत्तरेच्या टेकड्यांत जाणारी जुनी वाट कायमची बंद करून त्याला सलग कुंपण घालायचं होतं. वाटेच्या टोकाला दफनभूमी असेल तर कायद्याने वाट बंद करता येत नाही. नसेल तर येते.

बैठक माझ्यासमोरच भरली. अध्यक्ष मर्ल डॉकरी, मंडळाचे दोन सभासद, ॲम्सबॉ, आणि टिपणं घ्यायला कारकून लोरीना स्टकी. चौतिशीची, हुशार, पण नोकरीत नवी. तेवढ्यात दारातून एक काळी म्हातारी आत आली. अर्नेस्टाइन प्रुइट, वय एक्क्याऐंशी, ओमाहाहून आलेली. बरोबर तिची नात यव्हेट होती. मेअखेरीला आमच्याकडे सगळेच आपापल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं वाहतात. अर्नेस्टाइन दरवर्षी ब्यूलाला यायची. तिच्या हातात कॉफीचा रिकामा डबा होता, त्यात लाल-पांढरी पिओनीची फुलं.

"साहेब," ती म्हणाली, "ती वाट बंद करू नका. माझी आई तिथे आहे. माझी धाकटी बहीण ओपल तिथे आहे. त्या दोघींच्या मधे एक जागा सोडलेली आहे, ती माझी. मला तिथेच नेऊन ठेवायचं असं मी या पोरीला बजावलंय."

डॉकरी तसा वाईट माणूस नव्हता. तो खुर्ची सरकवून म्हणाला, "बाई, तुमच्याकडे काही कागद आहे का?"

"कागद कुठला? आम्ही निघालो तेव्हा एक गादी आणि तीन कोंबड्या घेऊन निघालो."

"गुरं फिरतात तिथे, मर्ल," ॲम्सबॉ म्हणाला. "मला तरी कधी थडगं दिसलं नाही. दोनचार दगड असतील, कुठल्याही रानात असतात."

"दिसणार कसं, बाबा? तुझ्या गुरांनी लाकडी क्रॉस तुडवले की!" अर्नेस्टाइन म्हणाली. "बघायला म्हणून गेलास का कधी?"

ॲम्सबॉने टोपी या हातातून त्या हातात घेतली.

"भांडण कशाला? नकाशाच बघू की," डॉकरी म्हणाला आणि सगळे माझ्याकडे वळले.

मित्रांनो, चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तशी माझी गत झाली. डॉकरीने बोट ठेवलं ते नेमकं खरवडलेल्या जागी. "वाळू," तो म्हणाला. "इथे नुसती वाळू आहे, बाई. चर्च नाही, दफनभूमी नाही, एक घरसुद्धा नाही. हा नकाशा आमच्या आजोबांच्या वेळचा आहे. तो खोटं बोलत नाही."

तो खोटं बोलत नाही! त्या वेळी भिंतीचा खिळा निखळून मी खाली पडलो असतो तर बरं झालं असतं. पण मी मूग गिळून लटकत राहिलो.

अर्नेस्टाइन माझ्याजवळ आली. तिने माझ्यावरून हात फिरवला. जन्मभर शिवणकाम केलेला हात होता तो. "इथे कापड विरलंय," ती म्हणाली. "इथे कुणीतरी काहीतरी घासलंय."

"जुनं झालंय, आजी," एक सभासद म्हणाला. "आपणही सगळे विरतोच की." दोघंतिघं हसले.

ती हसली नाही. ती खोलीकडे तोंड करून ताठ उभी राहिली. "कागद नाही माझ्याकडे, पण नावं आहेत. एकतीस जणं आहेत तिथे. रांगेने सांगते, लिहून घ्या. पहिल्या रांगेत दारापासून, एझ्रा गेन्स, त्याच्या पायावर गाडीचं चाक गेलं होतं. त्याची बायको लूला गेन्स. मग सायलस बॉइड, आमचे मास्तर. मग बॉइडांचं तान्हं, त्याचं नाव ऑगस्टस ठेवलं होतं, पण नऊच दिवस..."

डॉकरीने हात वर केला. "बाई, बाई. आम्हाला वाईट वाटतंय, खरंच. पण नावं सांगून दफनभूमी सिद्ध होत नाही. आणि अजून पुलाचा विषय घ्यायचा आहे. बारा वाजत आले."

"सत्तावीस राहिलीत," अर्नेस्टाइन म्हणाली.

"लोरीना, मतदान लिही."

लोरीनाची पेन्सिल एक क्षण थांबली. तिने म्हातारीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. मग तिने मतदान लिहिलं. तिन्ही मतं वाट बंद करायच्या बाजूने पडली.

यव्हेट आजीला म्हणाली, "चल, आजी. यांच्यापुढे डोकं फोडण्यात अर्थ नाही."

"थांब, बाळा. फुलं परत न्यायची नसतात." अर्नेस्टाइन वाकली आणि तिने तो डबा माझ्या खाली, फरशीवर ठेवला. थडग्यापुढे ठेवतात तसा. मग मला म्हणाली, मलाच, "सांभाळ त्यांना." आणि काठी टेकत निघून गेली.

दोन वर्षांनी ती ओमाहात वारली. यव्हेटने कचेरीत फोन केला होता, आजीला ब्यूलात पुरायची परवानगी मिळेल का म्हणून. उत्तर गेलं, तिथे दफनभूमी नाही. अर्नेस्टाइनला शहराच्या मोठ्या दफनभूमीत पुरलं, अनोळखी माणसांमधे. आईच्या आणि ओपलच्या मधली जागा रिकामीच राहिली. त्यावरून ॲम्सबॉची गुरं चरत होती.

मला वाटलं, हे पाप माझ्याबरोबरच जाईल. पण २००९ च्या वसंतात कचेरीचं छप्पर गळलं आणि मी चिंब भिजलो. लोरीनाने मला उतरवून टेबलावर पालथा घातला. तिचे केस आता पांढरे झाले होते. माझ्या पाठीचा तपकिरी कागद पाण्याने सुटला, तो तिने हळूच सोलला. आणि तिचा हात थबकला.

पाठीवर सगळं होतं. एमिलची दाट शाई. तेवीस ठिपके, निशाण, क्रॉस, चौकोनातला क्रॉस. पात्याने माझा चेहरा खरवडला होता, आत मुरलेलं त्याच्या हाती लागलं नव्हतं. लोरीनाने आरसा आणून धरला आणि उलटा आकडा वाचला. एकतीस.

"अरे देवा!" ती खुर्चीत बसली. "ती खरं सांगत होती. मी तिथेच होते की. माझ्या हातात पेन्सिल होती."

त्या वर्षी वाट पुन्हा उघडली. ॲम्सबॉच्या मुलाने स्वतःच्या हाताने कुंपण तोडलं, कुणी सांगायच्या आधीच. लोखंडी सळ्या टोचून थडग्यांच्या जागा शोधल्या. बरोबर एकतीस सापडल्या. प्रत्येकावर एक पांढरा दगड ठेवला. मग दगडांवर नावं कोरायची म्हणून लोरीनाने यव्हेटला बोलावलं. यव्हेट आता पन्नाशीला आली होती.

"तुमच्या आजीला सगळी पाठ होती," लोरीना म्हणाली. "तुम्हाला सांगितली असतील ना?"

"सांगायची. दरवर्षी गाडीत, ओमाहापासून इथपर्यंत." यव्हेट खिडकीबाहेर बघत होती. "मी कानाला गाणी लावून बसायचे. मला वाटायचं, आजी आहे, पुढच्या वर्षी पुन्हा सांगेलच. तिची आई आणि ओपल, एवढीच दोन नावं येतात मला. तुमच्या टिपणांत असतील की. त्या दिवशी ती सांगत होती, तुम्ही लिहीत होतात."

लोरीनाने जुनी वही काढली. पान उघडून दोघींच्या मधे ठेवलं. एझ्रा गेन्स. लूला गेन्स. सायलस बॉइड. तान्हा ऑगस्टस बॉइड. त्याखाली तिच्याच अक्षरात, 'वेळेअभावी थांबवले.'

मग लोरीनाने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "मला माफ करा." यव्हेट म्हणाली, "मीही ऐकलं नाही."

मित्रांनो, आता मला दोन काचांच्या मधे ठेवलंय. पुढूनही दिसतो, मागूनही. शाळेची मुलं येतात, माझी खरवडलेली जागा बघतात, मग वळसा घालून पाठ बघतात. मला लाज वाटते, पण ती वाटायलाच हवी. नकाशावर गाव परत काढता येतं, वाट परत उघडता येते. पण तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस नावं सांगायला लागलं, तर कृपा करून घड्याळाकडे बघू नका. पेन्सिल घ्या आणि शेवटच्या नावापर्यंत लिहा. आमच्या टेकडीवर आज एकतीस दगड आहेत. त्यांतल्या पंचविसांवर काहीच लिहिलेलं नाही.