दिवाळी अंकातला मिलिपीड

मिलिपीड नवा ठरला नाही. झालं, सांगून टाकलं. आता हे वाक्य वाचलंच नाही असं समजू. कारण मार्च २००७ मधल्या त्या शनिवारी सकाळी अजून काहीच ठरलेलं नव्हतं, आणि मंजुषा एडिसन गावात उल्हासकाकांच्या किचनमधल्या टेबलावर एक पत्र हातानं सरळ करत होती. ट्रेनमध्ये तिला डुलकी लागली होती, आणि पत्राला घडी पडली होती.

"सही कुठे?" काकांनी विचारलं.

"खाली. पण आधी वाचा ना, काका."

काका म्हणजे रिटायर्ड हार्ट सर्जन आणि मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक. तीस वर्षं त्यांनी पेशंटांना फॉर्म न वाचता सह्या करायला लावल्या होत्या. वाचण्याचा आग्रह त्यांना जरा लागला. ते चष्मा शोधायला उठले.

भानगड अशी होती. जर्सी सिटीत राहणारी मंजुषा मॅनहॅटनमधल्या एका म्युझियममध्ये दोन वर्षं एका मिलिपीडचा अभ्यास करत होती. मिलिपीड म्हणजे आपल्याकडचा वाणी, हात लावला की चकलीसारखा गुंडाळणारा. हा टांझानियातल्या डोंगरी जंगलातून स्पिरिटच्या बाटलीत आला होता. नराच्या सातव्या वलयावरचे पाय मीलनासाठी वेगळे घडलेले असतात, आणि त्यांच्या आकारावरून जात ओळखतात. याचे पाय जगातल्या कुठल्याही नोंदीत बसत नव्हते. नव्या जातीवरचा शोधनिबंध स्वीकारला गेला की म्युझियम तिच्या नोकरीची मुदत, आणि मुदतीबरोबर व्हिसा, वर्षभर वाढवणार होतं. नाहीतर तीस जूनला बॅगा भरायच्या.

मध्येच काकांनी अंकासाठी लेख मागितला. मंजुषाला कमी लिहिता येत नसे. तिनं वर्णन दिलं, चित्र दिलं, नमुना कुठल्या कपाटात आहे तेही दिलं. फक्त नावाची जागा कोरी ठेवली. नावासकट वर्णन आधी कुठेही छापून आलं तर तेच पहिलं प्रकाशन ठरायची भीती असते. मग निबंधातली जात नवी राहत नाही.

अंक निघाला. पान सत्तेचाळीसवर मीलनाचे ते पाय भरपूर मोठे करून छापले होते. समोर बालविभाग. खाली चकलीची कृती. चित्रातली चकली फार केसाळ आहे अशा दोन तक्रारीही मंडळाकडे आल्या. आणि कोऱ्या जागेत, तिरप्या इंग्रजी अक्षरांत, काकांच्या आदल्या वर्षी गेलेल्या पत्नीचं, रत्नाकाकूंचं नाव होतं. लॅटिन प्रत्ययासकट.

मंजुषानं स्वतःचा अंक प्लॅस्टिकमधून काढलाच नव्हता. तिला कळलं ते निबंध परत आल्यावर. तपासनिसानं पान सत्तेचाळीसची झेरॉक्स जोडली होती. त्याच्या लॅबमध्ये एक नागपूरकर निघाला होता.

मंजुषानं सहीसाठी आणलेल्या पत्रात एकच वाक्य होतं : सदर अंक केवळ सणापुरत्या करमणुकीसाठी काढला असून त्यास कायमस्वरूपी नोंद समजू नये. संपादकांनी सही केली की छापलेलं नाव बाद, आणि मिलिपीड पुन्हा नवा.

"ती जागा मी मुद्दाम कोरी ठेवली होती, काका."

"अगं, कोरी जागा दिसली की कमिटीवाले तिथे घरं विकायची जाहिरात घुसवतात. मला वाटलं, तू विसरलीस. लॅटिन येतं मला."

"लॅटिन बरोबरच आहे."

"आहे ना?" काका खूश झाले. "तिला किड्यांची भयंकर भीती. झुरळ दिसलं की मला पेज करायची. एकदा तर मी ऑपरेशनमध्ये. नर्सनं विचारलं, इमर्जन्सी आहे का? काय सांगणार? तुझ्या लेखातली कोरी जागा दिसली तेव्हा तिला म्हटलं, आता बघ तुझी कशी गंमत करतो."

चष्मा फ्रिजवर सापडला. काकांनी पत्र वाचलं. मग पुन्हा एकदा, बोट ठेवून.

"कायमस्वरूपी समजू नये. म्हणजे तिचं नाव जाणार."

"हो. मी डोंगराचं नाव देणार होते."

"तेही चांगलंय." काकांनी पेनचं टोपण काढलं. "तुझा व्हिसा महत्त्वाचा. ही चिडली तरी आता बोलणार थोडीच."

तीस वर्षं हृदयं शिवलेला हात कागदावर टेकला आणि तिथेच राहिला. काका सहीची जागा शोधत होते. जागा एकच होती.

मंजुषानं पत्र हळूच ओढून घेतलं.

"थांबा. तारीख चुकलीये. नवी प्रिंट काढून आणते."

"खोडून लिही की."

"नको, ऑफिशियल आहे."

तारीख बरोबर होती. काकांनी टोपण लावलं, आणि न विचारता चहा टाकला.

परतीच्या ट्रेनमध्ये जांभया देत तिनं त्याच कागदाच्या मागे लिहिलं :

मा. संचालक यांस सविनय. अर्जदाराकडील मिलिपीडच्या जातीस यापूर्वीच रीतसर व कायमस्वरूपी नाव मिळालेले आहे. तरी अर्जदाराने दोन वर्षांत काहीही नवे शोधलेले नाही ही बाब सहानुभूतीपूर्वक विचारात घेऊन, त्याच कारणास्तव अर्जदाराची मुदत एक वर्षाने वाढवून मिळावी, ही विनंती.