आमरीची जागा

बाईंनी पिशवी उलटी केली आणि चिखलाने माखलेली कंदांची जुडी इंजिनिअरच्या टेबलावर, थेट फायलींवरच आदळली.

"घ्या! तुमच्या रस्त्याने काय केलं ते बघा."

शिपाई फडकं घेऊन धावला. बाईंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं, तो जागच्या जागी थांबला. तीस वर्षं बाई जिल्ह्यातली रानझाडं नोंदवत पायपीट करत होत्या. ना पगार, ना भत्ता. गुडघे गेले, नवऱ्याने 'झाडांशीच संसार मांडायचा होता' असं हजारदा ऐकवलं. आणि आज सकाळी झऱ्यामागच्या दलदलीत जाऊन बघतात तर काय, जेसीबीने सगळं सपाट केलेलं! ही आमरी, हे जमिनीवरचं ऑर्किड, अख्ख्या जिल्ह्यात तेवढ्या एकाच जागी उरलं होतं.

"माझ्या नोंदी तुमच्याच कपाटात आहेत ना? वाचता येतं की नुसत्या सह्या ठोकता?"

"वाचल्या, बाई. म्हणून तर एवढा खटाटोप केला." इंजिनिअरने नकाशा उलगडला. "रस्ता आधी वीटभट्टीवरून सरळ जाणार होता. तुमच्या नोंदीत आमरी भट्टीमागे आहे. मी तीन महिने भांडलो, वरच्यांची बोलणी खाल्ली आणि रस्ता झऱ्याकडे वळवला. एका फुलापायी याचं डोकं फिरलंय म्हणाले मला." त्याने एक कंद उचलून निरखला. "मग ही झऱ्यापाशीपण होती का? तुमच्या नजरेतून सुटली?"

बाईंच्या नजरेतून काही सुटत नसे. फार पूर्वी एकदा त्यांनी एका झाडाची खरी जागा लिहिली होती, तर आठवड्याच्या आत कुणा हौशी माणसाने सगळा ताटवा मुळासकट उपटून नेला. तेव्हापासून दुर्मीळ झाड असलं की बाई कागदावर ते मैलभर सरकवून लिहीत. नोंदी करणाऱ्या चार-पाच जणांना हे ठाऊक होतं. या कार्यालयाला कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं असं तिथे कुणी आहे, हे बाईंना कधी वाटलंच नव्हतं.

"सुटली नाही," त्या म्हणाल्या. "मीच जागा खोटी लिहिली."

इंजिनिअरने कंद खाली ठेवला.

"एकदा सांगायचं तरी, बाई." आता त्याचा आवाज चढला होता. "एकदा! मी काय बाजारात नेऊन विकणार होतो?"

बाईंचा राग तर तसाच होता, फक्त तो आता कुणावर काढायचा ते कळेना. त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि नकाशा आपल्याकडे फिरवून घेतला.

"पेन द्या," त्या म्हणाल्या. "अशा खोट्या जागा अजून अकरा आहेत."