बाराशेवरून नऊशे

"पाणीपट्टी वर्षाला सहाशेची बाराशे करावी, असा ठराव आहे," असं म्हणून सरपंच शुभांगीने माइक खाली ठेवला आणि मारुतीच्या मंडपात एकच गलका उठला.

खरं तर तिला नऊशेच हवे होते. बाराशे सांगायचे, लोकांनी भांडून खाली आणायचे आणि जिंकल्याच्या आनंदात घरी जायचं, ही युक्ती ग्रामसेवक योगेशची. रोज नाशिकच्या बाजारात फुलं विकणाऱ्या गावाला ती काही नवी नव्हती. पण निवडणूक दोन महिन्यांवर आलेली. अशा वेळी कर वाढवणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं. न वाढवावा, तर विहिरीवरची मोटर शेवटच्या घटका मोजत होती. ती जळाली की बाया पुन्हा ओझरच्या रस्त्यावर टँकरची वाट बघत बसणार.

"नऊशेच्या खाली गेलं तर नवी मोटर विसरा, ताई," योगेश कुजबुजला.

विरोधी पॅनेलचे गोटीराम नाना उठले. शुभांगीच्या आधी दहा वर्षं तेच सरपंच होते आणि मतांच्या धाकाने त्यांनी पट्टीला कधी हात लावला नव्हता. आज तर त्यांच्या हाती आयतं कोलीत मिळालं होतं.

"बाराशे? पाणी देता का तूप?"

टाळ्या, शिट्ट्या.

"एक रुपया वाढवू द्यायचा नाय, नाना!" त्यांच्याच पॅनेलचा भिकन ओरडला.

ठराव बुडाला, असं शुभांगीला वाटलं.

भिकन नानांचा सदरा ओढत होता. नानांनी त्याचा हात बाजूला केला.

"नऊशे," ते म्हणाले. "त्याच्यावर एक रुपया नाय. आन् खालीबी नाय. मोटर काय फुकट येती?"

सोनारानेच कान टोचल्यावर कोण ओरडणार? कुरकुरत का होईना, हात वर झाले.

शेवटी आभार मानायला शुभांगी उठली.

"गोटीराम नानांचे मी मनापासून आभार मानते," ती म्हणाली. ती खरंच मनापासून बोलत होती, पण लोकांना वाटलं, ताईंनी टोमणा मारला. मंडपभर हशा पिकला.

नाना तेवढे हसले नाहीत. चपला घालून ते तिच्याजवळ थांबले.

"मोटर चांगली बघून घ्या, ताई. मतं मात्र मी मागणार हां. बाराशेचे नऊशे म्या केले म्हणून."

"मागा की," शुभांगी म्हणाली. "आमच्या घरीबी या."