कुंकवाचा कोपरा

मित्रांनो, एक कोपरा सोडला तर माझ्या दोन्ही बाजूंना प्लॅस्टिक आहे. त्यामुळे तुम्ही मला हातात घेतलेत तरी मला ते कळणार नाही. मी एक जुना पदवीचा कागद आहे. माझ्यावर विभावरीचे नाव आहे आणि त्याखाली एम.एस्सी., रसायनशास्त्र असे छापलेले आहे.

पुण्याच्या छापखान्यातून बाहेर पडलो तेव्हा मी जाड आणि किंचित खरखरीत होतो. दमट हवेत मी फुगायचो, उन्हात आक्रसायचो. साताऱ्याला विभावरीच्या घरी पोहोचलो, तेव्हा तिच्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, मला देवापुढे ठेवले आणि अनामिकेने खालच्या कोपऱ्यावर कुंकू लावले. त्या बोटाचा दाब मला अजून आठवतो, कारण त्यानंतर बरीच वर्षे मला काहीच जाणवले नाही. त्याच संध्याकाळी नाना मला लॅमिनेशनसाठी झेरॉक्सच्या दुकानात घेऊन गेले. "पाण्यात पडला तरी काही होता कामा नये," ते म्हणाले. मी तापलेल्या रुळांमधून गेलो. प्लॅस्टिकच्या आतला चिकट थर वितळून माझ्या तंतूंमध्ये शिरला आणि थंड होऊन तिथेच घट्ट झाला. कुंकूही आत राहिले. ज्या कागदावर माया असते, त्याला आपल्याकडे असेच करतात.

पुढे माझे कौतुक झाले. पाहुण्यांनी मला उजेडात धरून पाहिले. विभावरी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागली, तेही इंग्रजीतून. मी फाइलमध्ये होतो. बरे वाटले नाही, वाईटही वाटले नाही.

२०१२ साली ती फाइल न्यूझीलंडला आली. ख्राइस्टचर्चमध्ये भूकंपानंतर इमारती नव्याने उभ्या राहत होत्या आणि तिचा नवरा प्रमोद इंजिनिअर होता. शहरातल्या रिकार्टन भागात घर मिळाले. विभावरी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात कामाला लागली. इथे त्याला डेअरी म्हणतात. दिवसभर ती गिऱ्हाइकांशी इंग्रजीत बोले. घरी मुलीशी, स्वानंदीशी, मराठीत बोले आणि उत्तर इंग्रजीत येई.

एका हिवाळ्यात तिकडे साताऱ्यात नाना वारले. ती पोहोचेपर्यंत सगळे आटोपले असते, म्हणून ती गेलीच नाही. सकाळी डेअरीत जाऊन तिने फ्रिजमध्ये दुधाच्या बाटल्या लावल्या. तिला रडू आले नाही. मला त्याचे नवल वाटले नाही. प्लॅस्टिकच्या आत असेच असते.

त्याच वर्षी कायम राहण्याचा अर्ज करायचा होता. व्हिसाच्या सल्लागाराने सांगितले की बायकोलाही इंग्रजी येते हे सिद्ध करावे लागेल. एक तर इंग्रजीतून घेतलेली पदवी भारतातून सरकारी शिक्का मारून आणा, नाही तर इंग्रजीची परीक्षा द्या. दोन्ही जमले नाही तर अर्जातून तिचे नाव वगळले जाईल आणि व्हिसा संपला की तिला परत जावे लागेल.

"परीक्षा देऊन टाक ना," प्रमोद म्हणाला.

"बारा वर्षं ऑरगॅनिक केमिस्ट्री शिकवली मी इंग्रजीतून. आता मीच बाकावर बसू? पदवी आहे माझ्याकडे."

मग पुण्याहून तिच्या भावाचा, हरीशचा, फोन आला. "ताई, शिक्का मूळ कागदाच्या पाठीवर मारतात. प्लॅस्टिकवर चालत नाही. ते काढून पाठव. नानांना तरी काय घाई झाली होती!"

शनिवारी तिने मला टेबलावर ठेवले आणि हेअर ड्रायर सुरू केला. स्वानंदी शेजारी बसली होती.

"उष्णतेने गोंद मऊ होतो," विभावरी वर्गात सांगावे तशी सांगत होती. "पण तो कागदात मुरलेला असतो. हळूच ओढायचं."

तिने कोपरा उचलला. कित्येक वर्षांनी मला हवा लागली. ती गार होती.

"आई, स्टॉप! द रेड इज कमिंग ऑफ!"

अर्धे कुंकू प्लॅस्टिकला चिकटून वर आले होते, अर्धे माझ्यावर राहिले होते. ड्रायर बंद झाला. विभावरीने आपली अनामिका त्या डागावर ठेवली. तेवढ्या जागेपुरता मी पुन्हा कागद होतो.

"प्रमोद," ती म्हणाली, "परीक्षेला नाव घाल माझं."

परीक्षा देऊन ती घरी आली तेव्हा स्वानंदी दारातच उभी होती.

"हाऊ वॉज इट?"

"घरातल्या एका जुन्या वस्तूबद्दल बोला म्हणाले. मी या कागदाबद्दल बोलले. आजोबांच्या कुंकवाबद्दल."

"व्हॉट्स कुंकू इन इंग्लिश?"

"कुंकूच म्हटलं मी."

"दे'ल कट मार्क्स, आई!"

"कापू देत," असे म्हणून ती खुर्चीत बसली आणि नाना गेल्यानंतर पहिल्यांदा रडली. मार्क पुरेसे मिळाले. तिचे नाव अर्जात राहिले.

माझी मात्र कोणाला गरज उरली नाही. मी अजून फाइलमध्येच आहे, एक कोपरा उघडा असलेला. मित्रांनो, जपायचे ते जरूर जपा, पण बोट टेकवण्याइतकी जागा मोकळी ठेवा. स्वानंदी कधीकधी फाइल उघडून तिथे बोट टेकवते. परसातली फीजोआची पेरूसारखी फळे खाऊन तिचे बोट बहुधा चिकट असते.

"हात धुऊन ये आधी!" आतून विभावरी ओरडते.

ती पळत हात धुवायला जाते. मला तिच्या चिकट बोटाचा डागही चालला असता.