एल्डनच्या हरकतींवर बांधलेली वाट

आमच्या टर्टल फोर्ड गावातली रेल्वे बंद पडली तेव्हा मी शाळेत होते. रूळ उखडून नेले आणि मागे झुडपांनी भरलेला लांबच लांब बांध राहिला. बऱ्याच वर्षांनी त्यावर चालायची आणि सायकलची वाट करायची, हे आमच्या महापौर मरलीनच्या डोक्यात आलं. शनिवार-रविवारी शहरातली माणसं येतील, आइसक्रीम खातील, माझ्या हार्डवेअरच्या दुकानातून निदान एखादी ट्यूब तरी घेतील, असा तिचा हिशेब.

राज्याच्या उद्यान खात्यानं कळवलं, निम्मा खर्च तुमचा, निम्मा आमचा. आम्ही दर शुक्रवारी मासे तळून विकले आणि पैसे जमवले. त्यात झुडपं तोडून झाली आणि वर थोडी खडी पडेल एवढं उरलं. बस्स.

दुसरी अडचण एल्डन ग्रिम्सरूडची. बांध त्याच्या गोठ्यामागून, अगदी स्वयंपाकघराच्या खिडकीखालून जायचा, आणि एल्डनचा कशालाही विरोध असायचा. चर्चला नवा रंग दिला तेव्हा तो वर्षभर डोळे मिटून प्रार्थनेला बसला होता. पण वाटेसाठी नेमायच्या समितीत शेजारचा एक जमीनमालक हवाच, असा राज्याचा नियम. बाकीचे कोणी तयार होईनात. एल्डन मात्र, समोरासमोर विरोध करायला मिळेल म्हणून, एका पायावर तयार झाला. चिटणीस मी.

पहिली बैठक अग्निशमन बंबाच्या शेडमध्ये भरली. राज्याकडून कुबियाक नावाचा तरुण अधिकारी आला होता. पोरगा इतका सरळ, की त्याला कोणी टोमणा मारला तरी तो टिपून घ्यायचा.

"माझ्या गायी बांध ओलांडून चरायला जातात," एल्डन गरजला. "मध्येच सायकलवाला आला, गाय बिथरली, दूध आटलं, तर दूध काय तू देणार?"

"नाही सर, दूध मला देता येणार नाही," कुबियाक म्हणाला. त्यानं जरा विचार केला. "बोगदा देता येईल."

"कसला बोगदा?"

"गायींसाठी. बांधाखालून. शेजाऱ्याच्या हरकतीचं निवारण करायचं असेल तर पूर्ण खर्च राज्याचा असतो."

मरलीननं टेबलाखालून माझा पाय दाबला.

पुढच्या बैठकीत एल्डन म्हणाला, येणारेजाणारे खिडकीतून माझ्या ताटात डोकावतील. राज्यानं मेपलच्या झाडांची रांग मंजूर केली. त्यानंतर तो म्हणाला, लोक माझ्या घरी संडास विचारत येतील. राज्यानं दगडी बांधकामाचं स्वच्छतागृह दिलं, हात सुकवायच्या यंत्रासकट. त्या दिवशी मरलीन माझ्या दुकानात आली आणि खिळ्यांच्या खोक्यांआड उभी राहून हळूच म्हणाली, "एल्डनला अजून काय काय आवडत नाही गं?"

मग अख्खं गाव कामाला लागलं. जो तो केक घेऊन एल्डनकडे जायचा आणि कॉफी पिता पिता काहीतरी सुचवून यायचा.

"धूळ उडेल रे एल्डन, तुझ्या बायकोनं वाळत घातलेल्या चादरींवर."

"खरंच की! डोक्यातच आलं नव्हतं," एल्डन म्हणायचा. खडीच्या जागी डांबर आलं.

"बाहेरची कुत्री तुझ्या हौदात तोंडं घालतील." कुत्र्यांसाठी बुटका नळ आला.

एल्डनचा चेहरामोहराच बदलला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचं कोणीतरी ऐकत होतं. तो टाय लावून बैठकीला यायला लागला. "आमच्या लग्नातही यानं एवढी गुळगुळीत दाढी केली नव्हती," त्याची बायको आर्डिस मला म्हणाली. ती बैठकीत कॉफी द्यायची आणि मागे गप्प बसायची.

घोळ केला तो कुबियाकनं, तोही चांगुलपणानं. एका बैठकीत त्यानं भिंतीवर रंगीत नकाशा लावला आणि म्हणाला, "मिस्टर ग्रिम्सरूड, कुठल्याही वाटेसाठी एका माणसानं इतकं केलेलं मी पाहिलं नाही. राज्य तुमचं ऋणी आहे."

एल्डन उठून नकाशाजवळ गेला. बोगद्यावर बोट ठेवलं. मग झाडांवर, मग स्वच्छतागृहावर.

"हे सगळं माझ्यामुळे?"

"सगळं, सर."

एल्डननं आमच्यापैकी एकेकाकडे पाहिलं. प्रत्येकानं त्याला केक खाऊ घातला होता. मग तो टाय सैल करत म्हणाला, "माझी काही हरकत नाही."

"कशाला?" मरलीननं घाबरून विचारलं.

"कशालाच नाही. इथून पुढे कधीच नाही."

आणि राहिलं होतं काय, तर ओढा. रेल्वेचा लाकडी पूल कधीच वाहून गेला होता. "हरकत नसेल तर पुलाची गरज नाही," कुबियाक आनंदानं म्हणाला. "लोक हमरस्त्यानं वळसा घालून पलीकडे जातील." म्हणजे पोरंबाळं ट्रकच्या गर्दीतून सायकली हाकणार!

"एल्डन, अरे, लोक ओढ्यापाशी अडकतील, तुझ्या मक्यात शिरतील!" मरलीन म्हणाली.

"शिरू देत. मका यंदा फार झालाय."

"गाणी म्हणत बसतील!"

"मला गाणी आवडतात."

"तुझा बैल अंगावर जाईल कोणाच्या," मी म्हटलं.

"माणसाळलाय तो आता." याच बैलानं गुरांच्या डॉक्टरला झाडावर चढवलं होतं.

हिवाळाभर आम्ही त्याची मनधरणी केली. केक तो खायचा, प्लेट धुऊन परत करायचा आणि म्हणायचा, "किती सुंदर वाट होतेय, नाही?" त्याला एवढा खूश मी कधी पाहिला नव्हता.

शेवटची बैठक संपत आली. कुबियाकनं कागद गोळा करायला घेतले. तेव्हा मागच्या बाजूला आर्डिसनं कॉफीचं भांडं खाली ठेवलं.

"मला हरकत घ्यायची आहे. जमीन दोघांच्या नावावर आहे."

"घ्या ना, मॅडम. कशावर?"

"याच्यावर." तिनं नवऱ्याकडे बोट दाखवलं.

आर्डिसचा आवाज आधी कापत होता, मग कापेनासा झाला. "माझी बहीण व्हर्ना ओढ्यापलीकडे राहते. तिच्या परसातले कपडे मला खिडकीतून दिसतात. याचं तिच्या नवऱ्याशी ट्रॅक्टरवरून भांडण झालं. तो नवरा वारला, ट्रॅक्टर भंगारात गेला, तरी हा मला तिकडे नेत नाही. मला गाडी येत नाही. मी बहिणीला नाताळात चर्चमध्ये भेटते. ती समोर राहते हो!"

कुबियाकनं सगळं लिहून घेतलं. मग नियमांचं पुस्तक पुढून मागे, मागून पुढे चाळलं. घाम फुटला होता त्याला.

"मॅडम, नवरा हटवायची तरतूद माझ्याकडे नाही."

"मग काय आहे?"

"पूल आहे."

"चालेल," आर्डिस म्हणाली.

"माझी हरकत आहे!" एल्डन ताडकन उठला. "पुलावरून घसरून पडली म्हणजे?"

"कठडे देतो, सर," कुबियाकनं तेही लिहून घेतलं.

पुढच्या उन्हाळ्यात पूल झाला. उद्घाटनाला बँड होता, भाषणं होती. मरलीन फीत कापायला कात्री शोधत होती तेवढ्यात आर्डिस फितीखालून वाकून गेली आणि मागे न बघता चालू लागली.

एल्डन घरीच बसला होता. दुपार उलटली, जेवायची वेळ टळून गेली, तसा तो रबरी बूट घालून वाटेवर आला. मी पुलाजवळ टेबलं आवरत होते.

"आर्डिस कुठाय?"

"पलीकडे."

तो पुलाच्या तोंडाशीच थबकला. एक पाऊल पुढे, एक मागे. त्याच्यामागे सायकलवाल्यांचं एक कुटुंब येऊन अडकलं. त्यातली बाई घंटी वाजवत म्हणाली, "आजोबा, चला तरी, नाहीतर बाजूला तरी व्हा!"

बाजूला होणं एल्डनला कधी जमलं नव्हतं. तो चालू लागला.

पुढचं आर्डिसनं सांगितलं. व्हर्नानं दार उघडलं, त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि त्याच्या हातात सुरी आणि बटाट्यांची पाटी दिली. तो पायरीवर बसून सोलू लागला. आत दोघी बहिणी हसत होत्या. कशाला हसताय, हे विचारायची त्याची हिंमत झाली नाही.

तो सालं फार जाड काढतो, अशी व्हर्नाची तक्रार आहे. पण दर रविवारी सोलायला बसवते त्यालाच.