रणंजयाचं शेवटचं पान

रणंजयाच्या हाडांचा हळूहळू दगड होत चालला होता, आणि त्याने जगावं की मरावं यावर बेसा वस्तीतल्या नत्थूजींच्या घरी दर रविवारी भांडण व्हायचं. रणंजय म्हणजे चार खंडांच्या कादंबरीतला, गरुडावर बसून लढणारा राजपुत्र. पुस्तकं नत्थूजींच्या मुलीने, प्रीतीने, आणलेली. मोठ्याने वाचायचं काम माझ्याकडे, शेजारणीकडे. कीर्तनं ऐकून ऐकून आवाज जरा तयार झालाय, एवढीच माझी लायकी.

नत्थूजींनी गांधीबागेच्या बाजारात जन्मभर कापड विकलं. चार महिन्यांपूर्वी यकृताचा कर्करोग निघाला, डॉक्टरांनी हात टेकलेले. सगळ्यांना माहीत, पण घरात कोणी बोलत नसे. नत्थूजींनी विषय काढला की शामला, त्यांची बायको, "होते सगळं बरं" म्हणत उठून जायची.

शेवटचं प्रकरण उरलं, त्या रविवारी समोरच्या घरातला विक्की म्हणाला, "जगलाच पाहिजे! नाही तर लेखिकेच्या घरावर मोर्चा नेतो मी."

"तू काहून गा नेतो? अर्धी कथा झोपेत ऐकली तू," प्रीती म्हणाली.

"जगते तो," शामलाने निकाल दिला.

"मेला तरी चालते," नत्थूजी हसून म्हणाले. "पण कसा मेला, ते नीट लिहिलं पाहिजे."

मी पुस्तक उघडलं. नजर आधीच खाली धावली, आणि कळलं की रणंजय मरतो.

कीर्तनात बुवा भक्ताला संकटात सोडून आरतीला उभे राहत नाहीत. देव धावतोच. तीच सवय जिभेला. पुस्तकावर डोळे ठेवून मी आपली सांगत सुटले: गरुडाने सात डोंगरांपलीकडून मुळी आणली, दगड विरघळला, राजपुत्र उठून बसला, गावाने गुढ्या उभारल्या! शेवटी तर "जय जय रामकृष्ण हरी" सुद्धा म्हटलं. विक्कीने टाळ्या वाजवल्या.

"वहिनी," नत्थूजी म्हणाले, "एवढं सारं झालं, अन् पान एकदाही पलटलं नाही तुमी."

माझं तोंड उतरलं. "चुकलं, भाऊजी."

"गोड सांगितलं. पण मले खरं ऐकायचं आहे. कसं जायचं, ते इथं कोणी बोलतच नाही माझ्याशी. म्हटलं, त्या पोराले, रणंजयाले, विचारू."

मग मी छापलेलं वाचलं. रणंजय खिडकी उघडायला सांगतो. एकेकाला जवळ बोलावतो. घोडा धाकट्या भावाला देतो. आपल्याला भीती वाटते हे बायकोजवळ कबूल करतो, आणि ऊन भिंतीवर चढताना जातो.

शामला उठू लागली.

"बस वं इथं," नत्थूजी म्हणाले. "मलेही भीती वाटते."

ती थबकली, मग त्यांच्या पलंगावर बसली. "मले काय कमी वाटते?" म्हणाली, आणि चार महिन्यांचं रडली.

त्यानंतर दोघं बोलतच राहिली. आता दवाखान्यात न्यायचं नाही. प्रीतीच्या लग्नाची घाई करायची नाही. नत्थूजींच्या सावनेरच्या बहिणीला बोलावून घ्यायचं. "ती आली की माझ्या सैपाकाले नावं ठेवते," शामला नाक पुसत म्हणाली. "मंग ठेवू दे. मी आहो तोपर्यंत तिच्या हातचं खातो," नत्थूजी म्हणाले, आणि तीही हसली.

विक्कीला खुणावून मी बाहेर पडले. जिन्यात थांबून त्या न पाहिलेल्या लेखिकेला हात जोडले. मनात म्हटलं, पांडुरंगा, माझं गोड आख्यान मोडायला लावलंस, बरं केलंस.