बिनटप्प्याचा सराव

मित्रांनो, मी सिंगापूरच्या सेंगकांग भागातला एक जुना बास्केटबॉल. अंगावरचे दाणे झिजून पार टक्कल पडले आहे, हवाही कमी आहे, तेव्हा फार मोठ्याने बोलवत नाही.

कारखान्यातून दुकानात आणि तिथून निहारच्या हाती आलो, तेव्हा तो शाळेत होता. पुढे तो विद्यापीठाच्या संघात फॉरवर्ड झाला. उंच गडी! बास्केटखाली उभा राहून सगळ्यांच्या डोक्यावरून मला आत टाकायचा. तेव्हा माझेही काय कौतुक व्हायचे! पण व्यावसायिक क्लबात त्याच्याहून उंच परदेशी खेळाडू असतात. तिथे याचे चालणार का, हा घरातला घोर होता. क्लबाच्या निवड चाचणीत जमले नाही तर मुकाट्याने बँकेत नोकरी, असे त्याच्या आईने बजावून ठेवले होते.

संध्याकाळी निहारचे बाबा, हेमचंद्रराव, ऑफिसच्या बुटांतच आमच्या इमारतीशेजारच्या कोर्टवर यायचे. पण मला आपटले की वरच्या खिडकीतून एक आजी सिंगापुरी इंग्रजीत ओरडायच्या, "ए, बेबी स्लीपिंग लाह!" झाले, टप्पा बंद. मग बाबा मला नुसते फेकायचे, निहार झेलायचा आणि तसाच लांबून रिंगमध्ये टाकायचा. रोज तेच. त्यात बाबांचा खांदा गेला आणि माझी कातडी गेली.

चाचणीच्या दिवशी मी पिशवीत, बाबांच्या मांडीवर होतो. निहार बास्केटखाली गेला की समोरचा ताडमाड गडी त्याचा चेंडू हाणून पाडायचा. पुन्हा गेला, पुन्हा तेच. माझा जीव वरखाली होत होता आणि बाबांनी तर डोळेच मिटून घेतले. शेवटी निहार वैतागून लांब जाऊन उभा राहिला. पास आला. त्याने टप्पा दिलाच नाही; झेलला आणि टाकला. आत! परत टाकला, परत आत! तो गडी पोहोचेपर्यंत चेंडू हातातून सुटलेला असायचा.

प्रशिक्षक म्हणाले, "बास्केटखालचा खेळ इथे चालणार नाही. लांबचा चालेल. सहा महिने सरावाला ये, मग बघू."

निहार धावत आला, तसे बाबा उठून उभे राहिले. "बाबा, जमलं! आता रोज अजून लांबून टाकायचं, ओके?"

"हो रे राजा," बाबा म्हणाले आणि खांदा चोळत मटकन खाली बसले.

मित्रांनो, तुमचा सराव कुणाच्या तरी अंगावर होत असतो. मला थोडी हवा भरा. आणि बाबांना निदान एक दिवस सुट्टी द्या हो. ते स्वतःहून मागणार नाहीत.